खड्ड्याच्या अलीकडे

अर्थिंगची चौकशी करणारी माणसं बहुतेक खड्ड्याचीच करतात. किती खोल खणला, मीठ-कोळसा भरला का, उन्हाळ्यात पाणी कोण घालतं. खड्डा हवाच, पण मीटररूममध्ये शिरल्यावर मी आधी पाहतो तो पत्र्याच्या पेटीवरचा अर्थिंगचा बोल्ट.

पुष्कळदा लग रंगावरच आवळलेली असते. हलवून पाहिली तर घट्ट, पण रंगातून वीज जात नाही. तेवढा पत्रा चमकेपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा आणि गंजू नये म्हणून वरून ग्रीस लावायचं. पेटीच्या दाराला वेगळी जोडणी लागते. बिजागरीचा भरवसा नको. तांब्याच्या विणलेल्या पट्टीनं दार पेटीला जोडायचं. रीडिंग घेणाऱ्याचा हात पहिल्यांदा दारालाच लागतो. थ्री-फेजच्या पेटीला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र पट्ट्या हव्यात, एक तुटली तरी दुसरी उरावी म्हणून.

खड्ड्याचा रेझिस्टन्स 5 ओहम आला की आम्ही समाधानी असतो. कोकणातल्या जांभ्यात तेवढ्यासाठीही घाम गाळावा लागतो, आणि मोजायचा तो मे महिन्यात. पावसाळ्यातला आकडा फसवा. पण 230 व्होल्टला 5 ओहममधून फार तर 46 अँपिअर जातील. तेवढ्यानं 32 अँपिअरचा एमसीबी लगेच पडत नाही, कित्येक मिनिटं घेऊ शकतो. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी जीव वाचवतो, पण तो बसतो मीटरच्या पुढे. मीटरच्या आधी फेज पेटीला चिकटला तर त्याला काहीच कळत नाही. तिथे सारी भिस्त धातूच्या जोडणीवर. केबलचं आर्मर ग्लँडमधून पेटीला आणि पलीकडच्या टोकालाही नीट जोडलेलं असेल, तर करंटला ट्रान्सफॉर्मरपर्यंत परतायला मातीची वाट धरावी लागत नाही आणि फ्यूज उडतो. शेजारचा पाण्याचा पाइप, पंपाचं पॅनेल, लिफ्टची चौकट हे सगळं एकाच पट्टीला जोडायचं. मग एक हात पेटीवर, दुसरा पाइपवर असला तरी दोन्हींत धोक्याचा फरक राहत नाही.

मला खरा संताप येतो तो न्यूट्रललाच अर्थ म्हणून वापरलेला पाहिला की. जुन्या इमारतींत हे सर्रास आढळतं. न्यूट्रल कुठे तुटला, तर फ्रिजपासून गिझरपर्यंत प्रत्येक बॉडीत फेज उतरतो. असा जोड दिसला की मी मेन बंद करतो, तो काढतो आणि अर्थची स्वतंत्र वायर ओढून झाल्यावरच बाकीच्या कामाला हात लावतो, घरमालक कितीही घाई करत असला तरी.