पाडव्याची बाकी

नवराबायकोचा हक्काचा असा सण आपल्याकडे एकच, दिवाळीचा पाडवा. पाट मांडायचा, बायकोने ओवाळायचे, नवऱ्याने तबकात ओवाळणी टाकायची, एवढासा कार्यक्रम. पण त्याला दोन्ही माणसे एका घरात लागतात, हे २०१३ साली माझ्या ध्यानात आले.

त्या वर्षी मी कचेरीच्या कामासाठी न्यू जर्सीत होतो आणि सौ. शेंदूरजनाघाटला. दिवाळीचे दिवस म्हणजे आमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा. त्यात आई अंथरुणाला खिळलेली. बागेत आणि घरात कोणीतरी आपले माणूस हवेच. ती राहिली.

पाडवा ४ नोव्हेंबरला, सोमवारी होता. संगणकावर एकमेकांना पाहून ओवाळायचे ठरले. माझे सकाळचे दहा, तिचे संध्याकाळचे साडेसात. मी घरून आणलेले उटणे लावून सावकाश अंघोळ केली, नवा सदरा चढवला आणि दहाच्या ठोक्याला पडद्यासमोर बसलो. आपल्या वक्तशीरपणाचे मला कौतुकच वाटत होते.

समोर सौ. दिसली. अंगावर जरीची साडी, हाती तबक. पण चेहरा उतरलेला.

"काहून उशीर झाला जी? बरं आहे ना तुमचं?"

घोटाळा असा, की अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात. आदल्याच दिवशी ती घेतली होती. साडेनऊ तासांचे अंतर साडेदहा झाले होते. माझे घड्याळ आपोआप बदलले. तिचे बदलायला कारणच नव्हते. तिथे साडेआठ वाजले होते. तासभर ती तबक घेऊन बसली होती. निरांजनात दोनदा तूप घालून झाले होते. आतून आई पुनःपुन्हा विचारीत होती, "आला का पोरगा?"

मला आनंदीबाई जोशी आठवल्या. न्यू जर्सीला लागूनच असलेल्या फिलाडेल्फियात त्या १८८३ साली डॉक्टरी शिकू लागल्या, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या. गोपाळराव मागे हिंदुस्थानात. बोटीने जाणाऱ्या पत्राला आठवडेच्या आठवडे लागत. त्या वर्षीचा पाडवा त्या दोघांनी कसा काढला असेल? त्यापुढे आमचा एक तास तो काय! पण वाट पाहणाऱ्याला तास तो तासच. परदेशात बसून मी माझ्याच एकटेपणाचा हिशेब मांडीत होतो. निरांजनापाशी बसलेल्या बाईचा मांडायचा राहून गेला होता.

तिने संगणकाला ओवाळले.

"आणि ओवाळणी?"

"बाकी राहिली," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी मी घरी होतो. पाडव्याला तासभर आधीच पाट मांडून त्यावर जाऊन बसलो. सौ. स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काहून जी, इतक्या लवकर?"

"मागची बाकी फेडतो आहे," मी म्हणालो.

ती हसली, आणि निरांजनात तूप घालायला आत गेली.