नववा प्रश्न

बी.ए.ला मानसशास्त्र घेतले तेव्हा दादीने विचारले होते, "इसमें क्या पढ़ाते गे?" मी उर्दूतला शब्द सांगितला, "नफ्सियात." दादी खूश झाली. तिच्या लेखी नफ्स म्हणजे माणसाला वाईटाकडे ओढणारे आतले जनावर. नात त्याला काबूत ठेवायचे शिकायला बारामतीला जाते आहे, असे ती चार घरी सांगून आली. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. त्या गैरसमजावर माझ्या एस.टी.च्या पासाचे पैसे निघत होते.

इंदापूर ते बारामती पन्नासेक किलोमीटर. निमगाव केतकीचे पानमळे, अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगरचा साखर कारखाना. आषाढात तुकोबांची पालखी याच रस्त्याने उलट दिशेने येते. बारामतीत 1962 साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले, 1972 साली विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि आमच्या तालुक्यातल्या मुलींना पदवीसाठी पुणे गाठण्याची गरज उरली नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींना तर पुण्याला कुणी पाठवलेच नसते. मी नेमक्या कोणत्या कॉलेजात शिकले ते इथे सांगत नाही. पुढे जे लिहायचे आहे त्यात दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी आहेत.

कॉलेजात मी आरशात बघून चांदणी गिरवण्याचा प्रयोग केला, निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ केल्या, दोन सारख्याच रेषा लहानमोठ्या कशा दिसतात ते मोजले. जर्नल नीट होते, गुण बरे पडले. मग बी.एड. झाले आणि इंदापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत लागले. मानसशास्त्र संपले असेच मी धरून चालले होते.

2022 च्या डिसेंबरात विभागप्रमुख मॅडमचा फोन आला. "तू इंदापूरचीच ना? आम्हाला तुझी मदत हवी."

मी रविवारी गेले. मॅडमनी विभागाचा वार्षिक आराखडा समोर ठेवला. 1994 साली स्थापन झालेल्या नॅकसाठी कॉलेजांना तेव्हा आपले काम सात निकषांत मांडावे लागे. वर्षाच्या सुरुवातीला उद्दिष्टे लिहायची, वर्षाच्या शेवटी त्यातली किती पुरी झाली ते लिहायचे, प्रत्येकाला पुरावा जोडायचा. तक्त्यात निकालाचा रकाना होता, प्रयोगशाळेच्या साहित्याचा होता, शोधनिबंधांचा होता. 10 सप्टेंबरचा आत्महत्या प्रतिबंध दिन आणि 10 ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन साजरे झाले होते, त्यांच्यापुढे बरोबरची खूण होती. विस्तारकार्याची ओळ मात्र रिकामी होती. तिथे लिहिले होते : अल्पसंख्याक वस्तीतील 100 महिलांचे मानसिक आरोग्य सर्वेक्षण.

तक्त्याला हसण्याचा मला अधिकार नाही. आम्हीही शाळेत दरवर्षी यू-डायस भरतो. संडास किती, नळ किती, त्यातले चालू किती. तक्ता नसता तर बिघडलेला नळ कुणाच्या लक्षात आला असता? मॅडमचेही तेच म्हणणे होते. "तक्त्यात लिहिलं म्हणून तरी आम्ही तुमच्या वस्तीत येतोय," त्या म्हणाल्या. हे खरेच होते. मी शिकत असताना कॉलेजातले कुणी आमच्या गल्लीत आलेले मला आठवत नाही.

प्रश्नावली नऊ प्रश्नांची होती. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ती 2001 साली प्रसिद्ध केली आणि आता जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला अमुक त्रास किती वेळा झाला, एवढेच विचारायचे. अजिबात नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन. बेरीज जास्तीत जास्त सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवावे. मराठी तर्जुमा तयार होता, पण आमच्या बायका घरात दखनी बोलतात. मराठी त्यांना येते, पण ती बाजारातली, दवाखान्यातली, तहसील कचेरीतली. मनातले सांगायला ती पुरत नाही. शाळेतली शुद्ध उर्दू तर त्याहून परकी. म्हणून माझे काम दखनी करण्याचे.

मी तीन रात्री बसले. "निराश वाटणे" याला काय म्हणायचे? मायूसी हा किताबी शब्द झाला. शेवटी "जी बुझे सरीका लगता क्या?" असे केले. "कामात रस न वाटणे" याचे "किसी बात में जी नई लगता क्या?" झाले. मग एका सहशिक्षिकेला मूळ मराठी न दाखवता माझी दखनी परत मराठीत करायला लावली. अर्थ जागेवर राहिला का ते बघायची ही रीत कॉलेजातच शिकले होते, पहिल्यांदा उपयोगी पडली.

नववा प्रश्न मरणाचा होता. आपण नसतो तर बरे झाले असते, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का. तो मी सरळच ठेवला. "अपन नईं रहे तो अच्छा, ऐसा लगता क्या?"

जानेवारीत दोन विद्यार्थिनी आल्या, एक बारामतीची, एक भिगवणजवळची. चांद शाहवली दर्ग्याच्या बाजूपासून सुरुवात केली. दिवसाला दहा-बारा घरे. झोपेचा आणि थकव्याचा प्रश्न आला की बायका हसत. "थकती नई ऐसी औरत कौनसी है बाजी?" एकीने विचारले. ती पहाटे चारला उठून पाणी भरणारी, दिवसभर दुसऱ्याचे कपडे शिवणारी. तिचा थकवा आजाराचा की कामाचा, हे प्रश्नावलीला कळत नाही. आम्ही तीन लिहिले आणि पुढे गेलो.

नवव्या प्रश्नाला मात्र सगळीकडे एकच उत्तर. "तौबा, तौबा!" कुणी कानाच्या पाळ्यांना हात लावी, कुणी दारातून आत बघे. आपल्यात खुदकुशी हराम, एवढे तर पाच वर्षांच्या पोरालाही माहीत. मग ज्या विचाराचे नाव घेणेही गुनाह, तो आला म्हणून कोण सांगणार? त्यातून आम्ही विचारत होतो कुठे? ओसरीवर. सासू शेजारी बसलेली, नणंद भाजी निवडते आहे, दीर मोबाईल घेऊन खाटेवर पडलेला. विद्यार्थिनी दर तौबाला शून्य लिहीत होत्या. मीही लिहीत होते.

मला हे आधीच कळायला हवे होते. 2016 साली दुसऱ्या बाळंतपणानंतर मला दोन महिने काही सुचत नव्हते. बाळ रडले तरी उठावेसे वाटत नसे. अम्मीने दम केलेले पाणी आणले, ते प्याले. मग दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी बरोबर हाच प्रश्न विचारला, आणि माझ्या एका बाजूला सासूबाई होत्या, दुसऱ्या बाजूला अम्मी. मी म्हणाले, "तौबा, नाही डॉक्टर." ते खोटे होते. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, शिकवणारी बाई मी. त्या केसपेपरवर आजही नाहीच लिहिलेले असेल.

विसाव्या की पंचविसाव्या घरात एक बाई होती. तिनेही तौबा म्हटले. आम्ही उठलो तेव्हा ती चपलांपर्यंत पोचवायला आली आणि हळूच म्हणाली, "वो आखरी का सवाल मेरेकू अकेले में पूछना था, बाजी."

हातात फॉर्म होता. त्यावर शून्य लिहिलेले होते.

त्या रात्री मॅडमना फोन केला. त्यांनी आधी विचारले, "आज गेलीस का परत तिच्याकडे?" मी गेले नव्हते. त्या म्हणाल्या, "उद्याची वाट बघू नकोस." नवऱ्याला स्कूटर काढायला लावली आणि तिच्या मुलीची गणिताची वही हे निमित्त करून गेले. तिला घेऊन गच्चीवर बसले. तिने जे सांगितले ते लिहिणार नाही. सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेला टेली मानसचा 14416 हा नंबर मी तिला दिला. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. ती म्हणाली, "फोन तो उनो लेके जाते." आम्ही इतके दिवस नंबर छापलेले कागद वाटत होतो, आणि घरातला फोन कुणाच्या खिशात असतो हे विचारले नव्हते.

पुढच्या जुमेरातीला मी रजा टाकली. शुगर-बीपी तपासायला नेते असे घरी सांगून तिला बारामतीला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. ते खोटेही मीच बोलले. गोळ्या सुरू झाल्या. ती दर्ग्यावर जायची, तीही जात राहिली, मी अडवले नाही. दर्ग्याच्या नावावर काय होऊ शकते ते आपण एर्वाडीला पाहिले आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रमाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली 28 माणसे मेली. पण गुजरातेत उनावाला मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मानसोपचाराचे डॉक्टर बसू लागले आणि मुजावर मंडळीच माणसांना त्यांच्याकडे पाठवू लागली, हेही झाले आहे. दवा आणि दुआ या एकमेकींच्या सवती नव्हेत. आमच्या बाईला गोळी रात्री घ्यायची असायची, ती इशाच्या नमाजनंतर घ्यायची. वेळ चुकत नसे.

फेब्रुवारीअखेर शंभर फॉर्म पुरे झाले. आता पुराव्याचा प्रश्न आला. फोटो हवे होते, ठिकाण आणि वेळ आपोआप उमटलेले. आमच्या बायका फोटो काढू देईनात, आणि आजाराबद्दल बोलणाऱ्या बाईचा फोटो काढूच नये असे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलेले. विद्यार्थिनी रडकुंडीला आल्या. शेवटी एका मुलीने उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलांचा फोटो घेतला, अकरा जोड, खाली अक्षांश-रेखांश. अहवालात तो छापला. खाली ओळ होती, उद्दिष्ट 100, साध्य 100.

जूनमध्ये नव्या वर्षाची उद्दिष्टे ठरवायला मॅडमनी मला माजी विद्यार्थिनी म्हणून बैठकीला बोलावले. यंदा दीडशे लिहू, अशी सूचना आली. आकडा वाढला की प्रगती दिसते. मी त्या बाईचे नाव न घेता सगळे सांगितले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एक सर म्हणाले, "खरंय. पण हे लिहायचं कुठल्या रकान्यात?" त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. विभागाने वर्षभरात केलेले सगळ्यांत मोठे काम हे होते, आणि लिहिले तर त्या बाईचा विश्वासघात, न लिहिले तर विभागाने काही केलेच नाही. शाळेच्या यू-डायसमध्ये असा पेच पडत नाही. नळाला अब्रू नसते.

वाद बराच चालला. घटवलेला आकडा वर कुणी विचारला तर उत्तर कोण देणार, हा मुद्दा दोनदा निघाला. मॅडम म्हणाल्या, "मी देईन," आणि स्वतःच्या हाताने लिहिले : 40 महिला. प्रत्येकीशी एकांतात मुलाखत. नवव्या प्रश्नाला होकार आल्यास त्याच दिवशी विभागाला कळवणे. पुढचा रकाना पाठपुराव्याचा, त्यात फक्त संख्या, नाव-पत्ता नाही. शंभरावरून चाळीस. कागदावर ही अधोगतीच दिसते.

एकांत हा शब्द लिहायला सोपा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो आणायचा कुठून? शेवटी मीच तोड काढली. सून आणि सासू, दोघींचेही फॉर्म भरायचे, एकाच वेळी, दोन जणींनी. एक मुलगी सुनेला घेऊन आतल्या खोलीत, दुसरी सासूला घेऊन अंगणात. सासूला काही संशय येत नाही, उलट आपल्यालाही विचारतात म्हणून बरे वाटते. खरे सांगायचे तर सासूचा फॉर्म हे मी निमित्तच धरले होते. तो मोजायचा की नाही हेही ठरवले नव्हते.

2024 च्या जानेवारीतली गोष्ट. एका घरी मी आत सुनेशी बोलत होते. वीस मिनिटांत नऊ प्रश्न झाले, बेरीज चार आली, पोरगी हसतखेळत होती. आम्ही बाहेर आलो तर अंगणात मुलगी आणि आजीबाई अजून बसलेल्या. आजीबाईंनी मुलीचा हात धरून ठेवलेला. मी खुणेने विचारले, झाले का? मुलीने मान हलवली. बारामतीची पाचची एस.टी. तिला गाठायची होती, मीच तिला घाई करायला सांगितले होते. तिने कागद माझ्याकडे जरासा तिरका केला. आठ प्रश्नांपर्यंत खुणा झाल्या होत्या.

मी सुनेला म्हणाले, "चहा टाकतेस का? आम्हाला वेळ लागेल," आणि तिला घेऊन परत आत गेले.