उंबऱ्याबाहेरचा हळद्या

आमच्या हळद्याला घरात यायला बंदी आहे. तो उंबऱ्यापर्यंत येतो, पुढचे दोन पाय उंबऱ्यावर टेकवतो, शेपूट हलवतो आणि तिथंच थांबतो. आत पोळ्या भाजल्याचा वास सुटला तरी पाऊल पुढं टाकत नाही. परवा तिसरीतला एक मुलगा वही द्यायला घरी आला होता. त्यानं हे पाहिलं आणि मला विचारलं, “बाई, तुम्हाला हळद्या आवडत नाही का?”

मित्रांनो, त्याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे. तीच आज तुम्हाला सांगते.

आमच्या पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाचं देवस्थान आहे. पौष पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळे यात्रेला गेलो होतो. भंडाऱ्याची नुसती उधळण चाललेली! परत निघालो तर एक पिल्लू आमच्या मागं मागं यायला लागलं. मूळचं पांढरं असावं, पण भंडाऱ्यानं नखशिखांत पिवळं झालेलं. माझ्या लेकीनं त्याला उचललं आणि नावही तिथंच ठेवलं – हळद्या! खंडोबाच्या चित्रात त्याच्याबरोबर कुत्रा असतोच. त्यामुळं सासूबाई म्हणाल्या, “देवाच्या दारातून आलंय जनावर. राहू द्या.”

गंमत अशी, की माझ्या लेकीला घरी सगळे ‘माऊ’ म्हणतात. माऊ तेव्हा चौथीत होती. माऊ आणि कुत्रा यांची अशी गट्टी मी तरी पाहिली नव्हती. हळद्या तिच्या गोधडीत झोपायचा. ती अभ्यासाला बसली की तिच्या मांडीवर डोकं ठेवायचा. तिनं भाकरीचा तुकडा मोडला की अर्धा त्याचा.

पावसाळ्यात माऊला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू झाल्या. एक नाही, दोन नाही, ओळीनं दहा-बारा! डोळे लाल व्हायचे. हळद्यानं हात चाटला की तिथं गांध्या उठायच्या. आम्ही म्हणायचो, हवा बदलली, कडब्याची धूळ लागली. मग रात्रीचा खोकला आला, आणि एके दिवशी तिच्या छातीतून बारीक पिपाणीसारखा आवाज ऐकू यायला लागला.

तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. (आमच्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात अजून ‘नगर’च येतं.) डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, “घरात कोण कोण असतं?” माऊनं पहिलं नाव हळद्याचं घेतलं! डॉक्टर हसले. मग त्यांनी तिच्या हातावर वेगवेगळ्या द्रवांचे थेंब ओळीनं ठेवले आणि प्रत्येक थेंबातून कातडीला अगदी हलकंसं टोचलं. पंधरा-वीस मिनिटांनी दोन ठिकाणी डास चावल्यासारख्या गांध्या आल्या. एक थेंब घरातल्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा होता. दुसरा कुत्र्याचा.

माऊचा चेहरा पडला. “पण हळद्या रोज अंघोळ करतो!” ती म्हणाली. तेही खोटंच होतं!

डॉक्टरांनी तिला समजावलं ते मला फार आवडलं. आपल्या शरीरात रोगजंतूंना हाकलणारी एक फौज असते. गावच्या जागल्यासारखी. चोर आला की जागल्या आरोळी ठोकतो. पण एखादा जागल्या इतका घाबरट असतो, की पाहुणा आला तरी “चोर, चोर!” म्हणून सगळं गाव उठवतो. ॲलर्जी म्हणजे हेच. कुत्र्यापासून येणारी काही प्रथिनं बहुतेकांच्या शरीराला पाहुण्यासारखी वाटतात, माऊच्या शरीराला चोरासारखी. मग नाक वाहतं, डोळे खाजतात, श्वासाच्या नळ्या आवळतात. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये प्रथम वापरला. आणि आरोळी ठोकणारा रक्तातला घटक, ज्याला ‘आयजीई’ म्हणतात, तो किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नींनी १९६६ मध्ये शोधून काढला.

आणखी एक गोष्ट मला तेव्हाच कळली. मला वाटायचं, कुत्र्याचे केस नाकात जातात म्हणून त्रास होतो. सासूबाई तर म्हणायच्या, केस पोटात जातात. पण खरा त्रास केसांचा नसतोच. ती प्रथिनं कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. कुत्रा अंग चाटतो, लाळ केसांवर वाळते, तिचे आणि कोंड्याचे कण हवेत तरंगतात, कपड्यांना आणि भिंतींना चिकटतात. म्हणून आखूड केसांचा कुत्रा आणला तरी सुटका नाही.

“मग अमेरिकेच्या अध्यक्षांच्या मुलीला ॲलर्जी होती, तरी त्यांनी कुत्रा आणलाच ना?” माऊच्या बाबांनी विचारलं. त्यांनी ते कुठंतरी वाचलं होतं. गोष्ट खरी आहे. बराक ओबामांची मोठी मुलगी मालिया हिला ॲलर्जी होती. म्हणून २००९ मध्ये त्यांनी ‘पोर्तुगीज वॉटर डॉग’ जातीचा ‘बो’ नावाचा कुत्रा आणला. या जातीच्या कुत्र्यांचे केस कमी गळतात. पण डॉक्टर म्हणाले, केस कमी गळले म्हणजे ॲलर्जी होत नाही, असं नाही. २०११ आणि २०१२ मध्ये अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी अशा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतली धूळ तपासली. तिथंही ती प्रथिनं इतर कुत्र्यांच्या घरांइतकीच सापडली. एकूण काय, आमचा गावठी हळद्या काही जास्त गुन्हेगार नव्हता!

डॉक्टरांनी शेवटी स्पष्ट सांगितलं, “सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कुत्रा दुसऱ्या घरी देणं. ते जमणार नसेल, तर निदान त्याला घरात घेऊ नका. आणि हे औषध रोज.” औषध म्हणजे पंप आणि त्याला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं.

आता माझी चूक ऐका. घरी परत येताना एस.टी.त माऊ खोकली. मी दमले होते, काळजीत होते. पटकन बोलून गेले, “बघ हं, पुन्हा खोकलीस तर हळद्याला मामाकडे पाठवून देईन!”

आणि काय आश्चर्य, माऊचा खोकला थांबला! मी सगळ्यांना सांगत सुटले, “औषधाचा काय गुण आला बघा!” मग आम्हीही सैल पडलो. दुपारी हळद्या आत यायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, “पंपाची सवय लागते बरं का पोरांना.” म्हणून पंपही दोन दिवस घ्यायचा आणि चार दिवस विसरायचा, असं झालं.

मार्गशीर्षातली कडाक्याची थंडी होती. रात्री पाणी प्यायला उठले, तर माऊची गोधडी हलताना दिसली. वाटलं, कुडकुडते आहे. गोधडी बाजूला केली आणि माझ्या काळजात धस्स झालं. माऊ गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोन्ही हातांनी उशी तोंडावर घट्ट दाबून धरली होती. खोकल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून! तिचे खांदे वरखाली होत होते, धड बोलताही येत नव्हतं.

तिच्या बाबांनी गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क लावून वाफेतून औषध दिलं. अर्ध्या-पाऊण तासानं श्वास जरा खाली बसला. मास्कच्या आतून ती पहिलं वाक्य बोलली ते असं – “आई, मी नाही खोकले. हळद्याला नको पाठवू.”

मित्रांनो, रोज मी वर्गात सांगते, “खरं बोलावं, भिऊ नये.” आणि घरी माझ्याच एका वाक्यानं माझ्या लेकीला दुखणं लपवायला शिकवलं होतं. किती दिवस ती अशी उशी दाबून खोकत होती, कोण जाणे.

त्या रात्रीनंतर घरात सभा भरली. बाबा म्हणाले, “कुत्रा उद्याच्या उद्या मामाकडे.” आजी म्हणाल्या, “नामदेवानं पोळी नेणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, आणि तुम्ही दाराशी आलेल्याला हाकलता?” बाबा म्हणाले, “नामदेवांच्या लेकीला दमा नव्हता!” दोघांचंही मला पटत होतं. म्हणून आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं, अगदी माझ्या एस.टी.तल्या वाक्यासकट, सांगितलं. ते म्हणाले, “नियम कडक पाळणार असाल तर काही महिने बघू. नाही जमलं, तर मुलीचा श्वास आधी.” एक गोष्टही त्यांनी बजावली. कुत्रा दिला तरी दुसऱ्या दिवशी फरक दिसत नाही. घरात साचलेले कण जायला काही महिने लागतात.

तेव्हापासून हळद्याची सरहद्द म्हणजे उंबरा. अंगणात त्याला पत्र्याचं छप्पर करून दिलं. आठवड्यातून दोनदा त्याला माऊचे बाबा अंघोळ घालतात. कारण धुतल्याचा फायदा थोडेच दिवस टिकतो. ब्रशही तेच फिरवतात, माऊ नाही. माऊ त्याला भाकरी घालते, त्याच्याशी लांबून गप्पा मारते, चेंडू फेकते. मग साबणानं हात-तोंड धुते, कपडे बदलते आणि मगच गादीवर बसते. घरात कोरडा झाडू बंद. ओल्या फडक्यानं पुसायचं. गोधड्या आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात. त्यानं धुळीतले किडेही मरतात. आणि पंप रोज! त्याची सवय लागत नाही, हे डॉक्टरांनी काकूंनाही फोनवर समजावलं. उलट बरं वाटलं म्हणून पंप आपल्या मनानं बंद केला, तर दमा पुन्हा डोकं वर काढतो. पंप घेतल्यावर चूळ मात्र भरायची.

याशिवाय आम्ही एक वही केली. शंभर पानी, साधीच. तिच्यात माऊनं रोज रात्रीचं खरं खरं लिहायचं. खोकला आला का, शिट्टी वाजली का, पंप घेतला का. वहीच्या पहिल्या पानावर करार आहे. एक, वहीत काहीही लिहिलं तरी कुणी रागवायचं नाही. दोन, औषध आणि नियम पाळूनही श्वास सुधारला नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर हळद्या मामाच्या मळ्यात राहायला जाईल आणि दर सुट्टीत आपण त्याला भेटायला जाऊ. खाली चौघांच्या सह्या. माऊनं हळद्याच्या पंजाचा ठसाही घेतला! (नंतर हात धुतले.)

पहिले दोन महिने वहीत खोकलाच खोकला होता. मग पानं हळूहळू कोरी होत गेली. आता माऊ सातवीत आहे, खो-खो खेळते. पण दुखणं कायमचं संपलं, असं मी म्हणणार नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी शाळेच्या गडबडीत होते. माऊ वही घेऊन समोर उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता. वहीत लिहिलं होतं, “रात्री दोनदा उठले. शिट्टी वाजली.” मी काही विचारलं नव्हतं. मला काही ऐकूही आलं नव्हतं. दाराबाहेर उंबऱ्यावर पाय टेकवून हळद्या तिच्याकडं बघत होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, पण वही मागं घेतली नाही.

त्या दिवशी मी रजा टाकली. डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण बदललं आणि दहा-बारा दिवसांत वहीची पानं पुन्हा कोरी व्हायला लागली. हळद्या अजून आमच्याच अंगणात आहे. पुढं काय होईल ते वही सांगेल.

त्या तिसरीतल्या मुलाला मी एवढंच म्हणाले, “अरे, हळद्या आम्हाला खूप आवडतो. म्हणूनच तो उंबऱ्याबाहेर आहे.” त्याला ते कितपत कळलं, ठाऊक नाही. पण जाताना त्यानं हळद्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडं बघून हळूच विचारलं, “बाई, साबण कुठाय?”