मगरिबचा मासा

ऑक्टोबर लागला की शाळेच्या शेवटच्या तासाला माझे लक्ष खिडकीबाहेर जाऊ लागते. सातवीच्या मुलांना ते बरोबर कळते. एखादा मागच्या बाकावरचा पोरगा शेजाऱ्याला कोपर मारून हळूच म्हणतो, "सर आज तलावपे जाते." मी ऐकले नाही असे दाखवतो.

आमच्या सोलापुरात ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळाच. दुपारी डांबर मऊ होते. पण पाच वाजले की उन्हातला चटका एकदम जातो आणि सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. हा एक तास माझा. तुळजापूर रस्त्याने सहा-सात किलोमीटर गेले की हिप्परग्याचा तलाव लागतो. कागदोपत्री त्याचे नाव एकरुख तलाव. आदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजांनी तो १८७१ साली पुरा केला. दुष्काळाच्या वर्षी याच्या तळाला भेगा पडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि पाऊस चांगला झाला की काठावरच्या बाभळी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्याही पाहिल्या आहेत. अशा बुडालेल्या बाभळीपाशीच मासा असतो. हे मला अब्बांनी शिकवले.

अब्बा यंत्रमागावर टॉवेल विणायचे. मजुरी नगावर. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद पडत गेले, तो काळ माझ्या बालपणाचा. पण यंत्रमागांचा खडखडाट काही थांबला नाही. त्या खडखडाटात तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या कानांचे काय होते, हे आमच्या मोहल्ल्यात वेगळे सांगावे लागत नाही. घरोघरी मोठ्याने बोलतात. परक्या माणसाला वाटते, ह्या लोकांची भांडणे चालली आहेत. अब्बांचा डावा कान पुरता गेला होता आणि उजव्याने थोडेफार ऐकू यायचे. तलावावर त्यांना बरे वाटायचे ते यासाठीच, असे मला आता वाटते. तिथे कुणाशी बोलावे लागत नसे.

त्यांची काठी साधी, बांबूची. टोकाला तंगूस बांधलेली, तिला थर्माकोलचा तुकडा, खाली शिशाचा मणी आणि गळ. एका जुन्या डालड्याच्या डब्यात ओली माती आणि तीत नाल्याकाठची गांडुळे. चिलापीसाठी कणकेची गोळी चालते. चिलापी खादाड, तिला फसवायला अक्कल लागत नाही. मूळची ही आफ्रिकेची. १९५२ साली आपल्या देशात आणली आणि आता ती नाही असा तलाव शोधावा लागतो. अंडी आणि पिल्ले ती तोंडात धरून सांभाळते. मुलांना हे सांगितले तेव्हा एकीने विचारले होते, "फिर वो खाती कब?" प्रश्न योग्य होता. त्या दिवसांत ती जवळजवळ उपाशीच राहते.

मरळ धरायला लोक जिवंत बेडूक लावतात. अब्बांनी ते कधी केले नाही. बेडूक मारायला मनाई आहे असे त्यांनी वाजात ऐकले होते आणि तेवढे त्यांना पुरेसे होते. त्यामुळे आमच्या घरी मरळ क्वचितच आली. त्याशिवाय, पावसाळ्यात मरळीच्या पिल्लांचा लालसर थवा पाण्यावर दिसला की ते त्या जागेवरून उठून जायचे. खाली आईबाप राखण करत असतात, अशा वेळी गळ टाकला तर ते रागाने झडप घालतात आणि सहज सापडतात. "गुस्सेमें आये सो मासा नक्को," असे ते म्हणायचे.

त्यांचा खरा मासा शिंगटा. लांब मिशांचा, बिनखवल्यांचा, पाठीवर आणि कल्ल्यांजवळ काटा असलेला. त्याचा काटा लागला की हात दोन दिवस ठणकतो. हा दिवसा खोल पाण्यात तळाशी पडून असतो आणि उजेड मरू लागला की काठाकडे चरायला येतो. डोळ्यांपेक्षा मिशांवर त्याचा भरवसा. म्हणजे सूर्य बुडायला आणि शिंगटा यायला एकच गाठ. आणि मगरिबची वेळही तीच!

यात आमची कायमची अडचण होती. असरची नमाज मशिदीत पढून निघायचे, सायकलने तलाव गाठायचा, गळ टाकून बसायचे, आणि तासभर नुसती चिलापी कणीक चोरत राहायची. मग कुठल्या तरी वस्तीवरची अजान वाऱ्यावर यायची आणि नेमका त्याच वेळी थर्माकोलचा तुकडा तिरपा व्हायचा. अब्बांना अजान ऐकू येत नसे. म्हणून आमची एक खूण ठरलेली होती. मी कानाच्या पाळीला हात लावायचा. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासूनची ही खूण. तो हात दिसला की अब्बा काठी उचलत, तंगूस गुंडाळत, गळ डब्यात ठेवत आणि तलावाच्या पाण्यानेच वजू करत. गळ पाण्यात तसाच ठेवून ते नमाजला कधी उभे राहिले नाहीत.

अमेरिकेत मिनेसोटात असलेला माझा मावसभाऊ गेल्या ऑक्टोबरात व्हिडिओवर त्याने धरलेला मासा दाखवत होता. वॉलआय नावाचा. मिनेसोटाचा तो राज्यमासा आहे. टॉर्च मारली की त्याचे डोळे मांजरीसारखे चमकतात. डोळ्यांच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक प्रकाशात त्याला इतर माशांपेक्षा चांगले दिसते आणि सांजवेळी तो शिकारीला निघतो. भाऊ जाड जाकीट घालून तळ्याकाठी उभा होता, बोलताना तोंडातून वाफ येत होती. म्हणाला, "भाई, इधर बी मगरिबकूच आती." त्याच्या त्या 'च'ने मला फार बरे वाटले. वीस वर्षे परदेशात राहून त्याच्या दखनीतला मराठी 'च' काही गेला नव्हता.

मला सांगायची गोष्ट मात्र २०१४ सालची आहे.

बी.एड. होऊन दोन वर्षे झाली होती. भरती बंद होती. टीईटी नुकतीच सुरू झालेली. मी एका ठिकाणी तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात शिकवण्या घेत होतो. त्या दिवशी एका संस्थेत मुलाखत होती. मुलाखत म्हणजे काय, तर माझे प्रमाणपत्र उलटसुलट पाहिले, आणि मग एका गृहस्थांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन आकडा सांगितला. आपलेच लोक. आवाज इतका गोड, की आकडा ऐकल्यावर मी त्यांना शुक्रिया म्हणालो! घरी येऊन कुणाला काही सांगितले नाही. अब्बा सायकलपाशी उभे होते. म्हणाले, "चल."

त्या संध्याकाळी पाणी एकदम स्तब्ध होते. सोसायटीचे कोळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पलीकडे जाळी सोडत होते. अब्बांनी कोंबडीचे आतडे लावून गळ खोल टाकला. चिलापीनेही तोंड लावले नाही. मी शेजारी बसून त्या आकड्याला माझ्या तासिकांच्या पैशांनी भागत होतो. उत्तर काही वर्षांत यायचे. मग उजेड पिवळा झाला, मग राखाडी झाला, आणि थर्माकोलचा तुकडा एकदा बुडून वर आला. थांबला. पुन्हा बुडाला, आणि हळूहळू बाभळीकडे सरकू लागला. मोठा मासा असाच नेतो, घाई करत नाही.

त्याच क्षणी अजान आली.

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. भुवया उंचावून, नेहमीसारखे. मी मान हलवली. नाही. अजून नाही.

हे मी का केले, याचे कारण मला त्याही वेळी माहीत होते. त्या दिवशी आमच्या घरात काहीतरी जिंकून न्यायला पाहिजे होते. एवढेच.

अब्बांनी झटका दिला आणि काठी कमान झाली. शिंगटा बाभळीत शिरू पाहत होता, अब्बा त्याला मोकळ्या पाण्याकडे वळवत होते. रीळ नाही, काही नाही, साधी बांबूची काठी. मी गुडघाभर पाण्यात उतरलो. तंगूस एकदा फांदीत अडकली, ती सोडवण्यात बराच वेळ गेला. शेवटी मी त्याला कल्ल्यापाशी धरून काठावर फेकले तेव्हा दोघेही धापा टाकत होतो. चार किलोचा तरी असेल. मी हसत होतो. अब्बाही हसत होते. मग घाम पुसायला त्यांनी मान वर केली आणि त्यांचे हसणे थांबले.

आभाळात तारे होते. एक-दोन नव्हे, दाट.

नमाजचा वक्त गेला नव्हता. पण तारे दाट दिसेपर्यंत मगरिब लांबवणे मकरूह, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असते. अब्बांनी विचारले, "हुई थी ना?" मी काही बोललो नाही. ते वजूला बसले. मीही त्यांच्या मागे उभा राहिलो. आमच्या बाजूला मासा गवतात शेपटी आपटत होता आणि रकात संपेपर्यंत तो आवाज थांबला नाही.

घरी अम्मीने त्याचे चिंच घालून सालन केले. शेजारी वाट्या गेल्या. अब्बा कालच्या डाळीशी भाकरी जेवले. पोट जड आहे म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत, ना त्या रात्री, ना नंतर कधी. पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणाले, "चल." फक्त त्या दिवसापासून त्यांनी अजानसाठी माझ्याकडे पाहणे सोडले. सूर्य बाभळींना टेकला की ते स्वतःच काठी उचलून घ्यायचे आणि अंदाजाने वेळ होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. मी सवयीने कानाला हात लावायचो. ते दुसरीकडे पाहत असायचे.

सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या वस्तीची गोष्ट आहे. शनिवार त्यांच्या इबादतीचा दिवस, त्या दिवशी मासेमारीला मनाई. आणि मासे नेमके शनिवारीच पाण्यावर झुंडीने यायचे, इतर दिवशी यायचे नाहीत. ती त्यांची परीक्षा होती. तफसीर सांगणारे म्हणतात, त्या लोकांनी शुक्रवारी जाळी टाकून ठेवली आणि रविवारी ओढली. म्हणजे शनिवारी कुणी हातही हलवला नाही! ही गोष्ट मी लहानपणी मक्तबमध्ये ऐकली होती तेव्हा त्या लोकांच्या हुशारीचे मला कौतुक वाटले होते.

२०१९ मध्ये मला नोकरी लागली, पवित्र पोर्टलवरून, कुणाला काही न देता. तीन वर्षे शिक्षण सेवक, महिना सहा हजार. अब्बांनी पहिल्या मानधनातून स्वतःसाठी फक्त नवी तंगूस मागितली. २०२० च्या उन्हाळ्यात ते गेले. त्या दिवसांत ज्यांच्या घरातून कुणी गेले आहे, त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

माझ्या वर्गात आता एक मुलगा आहे. मधल्या सुट्टीनंतर त्याची जागा रिकामी असायची. चौकशीला घरी गेलो तर त्याची आई शिवणयंत्रावर बसली होती, म्हणाली, "स्कूलकू गया ना सर." एका संध्याकाळी तो मला तलावावर सापडला. प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळलेली, शेजारी पिशवीत सात-आठ चिलाप्या. त्या तो रस्त्यावर विकायचा. मला पाहून पळाला नाही, उलट माझ्या कणकेच्या गोळीकडे पाहून म्हणाला, "सर, इसमें हळद डालो." हळद घातली. फरक पडला.

त्याच्याशी मी करार केला आहे. शाळा सुटेपर्यंत वर्गात बसायचे, मग आठवड्यातून दोनदा माझ्या गाडीवर तलावाला यायचे. आईची परवानगी घेतली आहे. चिलापीला उर्दूत काय म्हणतात, असे त्याने मला विचारले होते. मी लुगतमध्ये पाहिले, मिळाले नाही. तो म्हणाला, मग चिलापीच लिहितो, आणि निबंधात त्याने उर्दू लिपीत तसे लिहिले. मी लाल पेन फिरवला नाही. १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन माझ्या याच गावात भरले, माझा जन्मही त्याच सुमाराचा. दिवसभर उर्दूत शिकवायचे, घरी दखनीत भांडायचे आणि रात्री मराठीत लिहायचे, यात मला स्वतःला कधी काही विचित्र वाटले नाही.

गेल्या ऑक्टोबरातली एक संध्याकाळ. अब्बांचीच काठी. त्यांनी मागितलेली तंगूस तिच्यावर अजून आहे. थर्माकोलचा तुकडा बुडून वर आला आणि बाभळीकडे सरकू लागला. मी श्वास धरून बसलो होतो. मुलाने माझ्या दंडाला हात लावला. मी पाहिले तर त्याने कानाच्या पाळीला बोट लावले होते. ही खूण मी त्याला कधी शिकवलेली नाही. त्याला फक्त 'ऐका' म्हणायचे होते.

अजान चालू होती. मी उठलो. पण तंगूस काही गुंडाळली नाही. काठीच्या बुडावर एक दगड ठेवला, म्हटले राहू दे. वजू केले. तो माझ्या शेजारी उभा राहिला, त्याचा शर्ट चिलापीच्या वासाचा.

सलाम फिरवून पाहतो तर दगड कलंडलेला आणि काठी जागेवर नाही. वीस-पंचवीस फुटांवर ती पाण्यावर आडवी, हळूहळू खोल पाण्याकडे निघालेली. मुलगा शर्ट काढायला लागला. मी त्याचे मनगट धरले. त्या बाजूला गाळ फार आहे. मोबाइलचा टॉर्च लावून आम्ही दिसेपर्यंत पाहत राहिलो. काठी मध्येच थांबायची, एक टोक बुडायचे, पुन्हा निघायची. मुलाला हसू आवरत नव्हते, आणि सरांसमोर हसावे की नाही हेही कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका तराफेवाल्याने ती काठी बांधाजवळ आणून ठेवली. तंगूस हातभर उरली होती. गळ नव्हता.