डोळ्यांची राखण

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या आणि मोडी कागदपत्रे यांच्याबरोबर एक आगळे धन जपलेले आहे. ते म्हणजे नेत्ररुग्णांच्या नोंदी. भोसले घराण्यातील सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. सत्ता गमावलेल्या या राजाने आपले लक्ष विद्येकडे आणि आरोग्याकडे वळविले. त्यांच्या धन्वंतरी महालात उपचार घेतलेल्या ४४ नेत्ररुग्णांच्या नोंदी अभ्यासकांनी उजेडात आणल्या आहेत. त्यांत विकार आहे, उपचार आहे आणि डोळ्यांची चित्रेही आहेत. उपचार करणे पुरेसे नाही, त्याची नोंद ठेवून रुग्णाकडे लक्ष ठेवले पाहिजे, ही जाण त्यांतून दिसते.

हे लक्ष ठेवणे किती मोलाचे आहे, ते काचबिंदूवरून कळते. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढले की दृष्टी बहुधा परत येते. काचबिंदूचे तसे नाही. डोळ्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होतो आणि सूक्ष्म मार्गाने बाहेर पडतो. हा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि डोळ्याला मेंदूशी जोडणारी नस झिजू लागते. दृष्टी कडेकडेने, न दुखता, न खुपता हरपते. गेलेली दृष्टी परत येत नाही; उरलेली तेवढी राखता येते.

थेंबांनी दाब आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेने द्रवासाठी नवी वाट काढतात. १९६८ मध्ये इंग्लंडमधील केअर्न्स यांनी वर्णिलेली पद्धत आजही प्रचलित आहे. परंतु खरी कसोटी पुढे असते. शरीर या वाटेलाही जखमच समजते आणि ती भरून काढू पाहते. एरवी उपकारक ठरणारी जखम भरण्याची ही शक्ती येथे वैरीण होते. वाट बुजली की दाब पुन्हा वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी व्रण रोखणारे औषध लावतात आणि नंतर कित्येक आठवडे थेंब घालावे लागतात. थरथरत्या हाताने घातलेला थेंब गालावर ओघळतो. एकट्या वृद्धाला वेळेचे भान राहत नाही. कधी औषध संपते, तर कधी पैसे.

ही अडचण ओळखून संशोधकांनी औषधच डोळ्यात ठेवण्याचा मार्ग शोधला आहे. तांदळाच्या दाण्याहूनही बारीक अशा कांडीतून औषध हळूहळू झिरपत राहते. दाब कमी करणाऱ्या अशा एका विरघळणाऱ्या कांडीला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतरचा व्रण रोखण्यासाठी अशाच कांड्या तयार करण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांत चालू आहेत. ते सफल झाले, तर रुग्णाच्या विसराळूपणाने किंवा गरिबीने शस्त्रक्रिया वाया जाण्याचे प्रसंग कमी होतील.

तरीही कांडी स्वतः दाब मोजत नाही आणि नसेची तपासणी करीत नाही. ते काम वैद्याचे, आणि ठरल्या दिवशी त्याच्याकडे जाणे हे रुग्णाचे व त्याच्या घरच्यांचे. चाळिशीनंतर, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, डोळे वेळोवेळी तपासून घ्यावेत; कारण या विकारात वेदना सावध करायला येत नाही.