नीरेकाठचं पोर केपच्या मुलखात

बारामती-इंदापूरकडचं आपलं पोर दक्षिण आफ्रिकेत शिकायला निघालं, की घराला घोर लागतो तो त्याच्या जेवणाचा. पण त्याआधी तिथले ऋतू समजून घ्या. केप टाउनजवळच्या स्टेलनबॉश विद्यापीठाचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. आपल्यासारखीच तिथंही तेव्हा द्राक्षांची तोड चालते, पण ऊन भर उन्हाळ्याचं. आपण मृगाची वाट पाहतो त्या जूनमध्ये तिथं थंडी आणि पाऊस बरोबरच येतात. म्हणून बॅगेत स्वेटर हवाच. घड्याळ साडेतीन तास मागे. रात्री जेवणं उरकून फोन केलात, तर तिकडे संध्याकाळ असेल.

पाणी जपायला मात्र त्याला शिकवावं लागणार नाही. २०१८ साली केप टाउनची धरणं तळाला गेली, तेव्हा माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली आणि सारं शहर बादल्या मोजू लागलं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास आला, तरी शेवटच्या टोकाच्या गावांना पाळीची वाट पाहणं चुकलं नाही. तांब्याभर पाण्याची किंमत आपल्या पोरांना उपजतच ठाऊक. दुष्काळी भागातला म्हणून त्यानं लाजू नये, हे निघताना त्याला जरूर सांगा. ही शिदोरी तिथं विकत मिळत नाही.