भूल आणि बाळाचे ठोके

मला सहावा महिना होता, मी बाजारहत्नूरला माहेरी आले होते. एका रात्री पोटात उजवीकडे कळा सुरू झाल्या. आजी म्हणाली, "गर्भारपणात होतंच असं, ओवा खा." सकाळी आदिलाबाद गाठलं. निदान झालं अपेंडिक्सचं. ऑपरेशन आजच.

आई रडवेली झाली. "भुलीनं बाळाला काही झालं तर? बाळंतपणानंतर नाही का करता येणार?"

भूलतज्ज्ञ मॅडम तिच्याजवळ बसल्या. "मावशी, हल्लीच्या भुलीच्या औषधांनी बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. थांबलो आणि अपेंडिक्स फुटलं, तर मात्र बाळाला खरा धोका."

मला कमरेत इंजेक्शन दिलं. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडू नये म्हणून उजव्या कुशीखाली उशी ठेवली. ऑपरेशनआधी बाळाचे ठोके तपासले, नंतरही. नंतरचे ठोके ऐकून आईनं डोळ्यांना पदर लावला.

लेक आता सात वर्षांची आहे. मैत्रिणींनो, अशा दिवसांत पोटदुखी अंगावर काढू नका. कितवा महिना, कोणती औषधं चालू, शेवटचं कधी खाल्लं, हे भूलतज्ज्ञांना सांगा. आणि मनातली भीती विचारून टाका.